किल्ले कमी, किल्ल्या जास्त: मेणवली ते बाणूरगड

गणपती गेले, मखर माळ्यावर गेलं आणि सोहमला लागून चार दिवस सुट्टी आली. पोरगं नववीत, सध्या गडांचं वेड. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून मायलेक दोघंच गाडी काढून निघालो. पुढे साताऱ्यातून माझ्या मामांना सोबत घ्यायचं ठरलं होतं.

मामांबद्दल आधी सांगायला हवं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सिग्नल्समध्ये, म्हणजे निरोप पोहोचवणाऱ्या शाखेत होते, त्यातही सायफरला. म्हणजे मजकुराची आकड्या-अक्षरांत खिचडी करायची आणि तिकडून आलेल्या खिचडीतून मजकूर वेचून काढायचा. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतलं यापलीकडचं एक अक्षर त्यांनी मामीलाही सांगितलेलं नाही. माझं काम योगायोगाने त्याच गावच्या दुसऱ्या आळीतलं: दुकानात कार्ड घासायची जी यंत्रं असतात, त्यांच्या पोटातल्या गुप्त किल्ल्या, म्हणजे मजकूर ज्यांनी कुलूपबंद होतो ते गुप्त आकडे, सांभाळणं. त्यामुळे सहल गडकोटांची ठरली आणि गप्पा भलतीकडेच गेल्या.

पहिला दिवस: वाई, मेणवली

खंबाटकी उतरलो तेव्हा झिमझिम होती, वाईत शिरलो तेव्हा सर आली. ढोल्या गणपतीचं दर्शन छत्रीतूनच घेतलं. कृष्णेचं पाणी गढूळ, फुगलेलं. पायऱ्यांवर एक आजी छत्रीखाली दुर्वांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. दहा रुपये दिले तर दोन जुड्या जास्त घातल्या आणि वर म्हणाल्या, "पोराच्या डोक्याला टापर बांध."

मेणवली तिथून जवळच. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे नदीकडे उतरणारा घाट, घाटावर छोट्या घुमटीत टांगलेली ती प्रचंड घंटा. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. पावसात घाटावर आम्ही दोघंच. फरसबंदीवर शेवाळं होतं आणि मी एकदा बसलेच. (पावसाळ्यात जाणार असाल तर चपला नकोत, खाचांचा सोल असलेले बूट घाला. वाडा उघडा मिळेलच असं धरून जाऊ नका, गावात विचारून घ्या.)

वाड्याच्या लाकडी खांबांना टेकून उभे होतो. सोहमने विचारलं, "नानांचे हेर सगळीकडे होते ना? मग ते चिठ्ठ्या कशा पाठवायचे? मोडीत?"

हा समज फार पसरलाय. मोडी ही काही गुप्त लिपी नव्हती. भराभर लिहिता यावं म्हणून हात न उचलता लिहायची रोजची लिपी. गावोगावचे कुलकर्णी, सावकार, कारकून ती वाचायचे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतही शिकवायचे. नानांच्या कागदांचा मोठा गठ्ठा, ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, तो आता पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे आणि तो वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागतात. कुणी लपवलं नाही, आपण विसरलो, आणि गुपित तयार झालं.

खरी लपवाछपवी वेगळी. आपल्याकडे करपल्लवी होती, बोटांच्या खुणांनी बोलायची. नेत्रपल्लवी डोळ्यांनी. आणि अंकपल्लवी, म्हणजे अक्षराऐवजी आकडे: आधी वर्ग कितवा, मग वर्गातलं अक्षर कितवं. गाडीत बसून सोहमने वहीत तक्ताच केला. क-वर्ग १, च-वर्ग २, ट ३, त ४, प ५. काना-मात्रा सोडून द्यायच्या. 'गड' म्हणजे १३ ३३. आणि 'पेढा दे' म्हणजे ५१ ३४ ४३. "हे आजोबांना उद्या देतो, बघू येतं का!"

मला आमची 'च'ची भाषा आठवली. 'घरी ये' म्हणायचं तर 'चरीघ चेय'. मावसभावंडं मिळून तासन्‌तास बोलायचो आणि आमची समजूत अशी, की मोठ्यांना ओ की ठो कळत नाही. एकदा आम्ही दुपारी पन्ह्यावर डल्ला मारायचा बेत त्या भाषेत रंगवत होतो, तर आई स्वयंपाकघरातून त्याच भाषेत ओरडली. तिला ती आमच्यापेक्षा सफाईने यायची. तिच्या लहानपणी तीही तेच बोलली होती.

गोम इथेच आहे. ज्या लिपीचं सगळं बळ 'रीत कुणाला माहीत नाही' यावर, ती रीत कळली की संपली. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने १८८३ मध्ये फ्रान्समधल्या लष्करी नियतकालिकात हे स्वच्छ लिहून ठेवलं: यंत्र, रीत, सगळं शत्रूच्या हाती पडलं तरी बिघडता कामा नये, गुप्त राहिली पाहिजे ती फक्त किल्ली. कुलूप कसं चालतं हे आळीतल्या प्रत्येक लोहाराला ठाऊक असतं, म्हणून काही तो आपल्या घरात शिरू शकत नाही. आम्ही कामाला लागलो की पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. सरकारांना मात्र ते गळी उतरायला फार वेळ लागला, आणि काहींच्या अजून उतरलेलं नाही.

रात्री साताऱ्यात एका लॉजवर उतरलो. काउंटरवर आधारची झेरॉक्स मागितली. दिली. मग पाहिलं, आमच्या आधी आलेल्या पंचवीस-तीस जणांच्या झेरॉक्स तिथेच दगडाखाली ठेवलेल्या, नंबर वर, फोटो वर, पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत. मी म्हटलं, "दादा, हे कपाटात ठेवा की." तो म्हणाला, "मॅडम, कॅमेरा आहे." (आधारचा मास्क केलेला नंबर मिळतो, त्याचीच प्रत जवळ ठेवा. हा सल्ला गडाच्या नकाशाइतकाच कामाचा आहे.)

दुसरा दिवस: अपशिंगे, सातारा

सकाळी मामांच्या गावी. त्यांचं गाव अपशिंग्याच्या पलीकडे. अपशिंगे मिलिटरी हे गावाचं खरंच नाव आहे, टोपणनाव नव्हे. घराघरातून माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचा स्तंभ गावात आहे. मामा दर वेळी त्याच्यासमोर गाडी थांबवायला लावतात, उतरतात, उभे राहतात, बसतात. बोलत नाहीत.

मामीने ज्वारीच्या भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि खर्डा केला होता. कोरेगावकडचा हा घेवडा पुण्यात मिळतो, पण आमटीला ती चव येत नाही. पाण्याचा फरक असावा, किंवा मामीचा.

जेवण झाल्यावर सोहमने चिठ्ठी पुढे केली. मात्र आता त्याने ती पक्की केली होती. प्रत्येक आकड्यात त्या दिवशीची तारीख मिळवली होती. २६ तारीख, म्हणून ७७ ६० ६९. मामांनी चष्मा लावला, पाठीमागच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटं मोडली आणि मामीला म्हणाले, "नातवाला पेढा दे."

सोहमचं तोंड पडलं. "कसं ओळखलंत?"

"आरं, तारीख समद्या गावाला ठावं असती. ती किल्ली व्हय? ती उंबऱ्याखालची चावी."

अर्ध्या तासाने तो नवीन चिठ्ठी घेऊन आला. या वेळी किल्ली मनातली, कुणाला ठाऊक नसलेली. मामांनी कागद घेतला, वाचला नाही, नुसता उलटा केला. मागे बारीक अक्षरात ती किल्ली लिहिलेली होती, विसरायला नको म्हणून.

मी हसले खरी, पण जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी याहून वेगळं काही केलेलं नाही. मी मामांना जॉन वॉकरची गोष्ट सांगायला लागले. अमेरिकेच्या नौदलातला माणूस, सायफरच्या कामावर. १९६७ च्या अखेरीस स्वतः उठून वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि किल्ल्यांच्या याद्या विकायला लागला. पुढे मित्र, भाऊ, मुलगा सगळ्यांना त्यात ओढलं. १९८५ ला पकडला गेला. मध्यंतरी जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने अमेरिकेचं 'पुएब्लो' हे हेरगिरीचं जहाज धरलं, त्यावरची सायफर यंत्रं आयती हाती आली. अमेरिकन निवांत होते, कारण हिशेब केर्कहॉफ्सचाच: यंत्र गेलं तर गेलं, किल्ली रोज बदलते. हिशेब बरोबर होता, फक्त किल्ल्या सतरा-अठरा वर्षं घरातूनच विकल्या जात होत्या.

मामा ऐकत होते. मग एकच शब्द म्हणाले, "फितुरी."

त्या फितुरीने पुढची यंत्रं कशी बनली ते मला माझ्या कामामुळे थोडं कळतं. कागदावरच्या याद्या मागे पडल्या. किल्ली इलेक्ट्रॉनिक डब्यातून यंत्रात भरायची, माणसाच्या डोळ्याला ती दिसूच द्यायची नाही, एकट्या माणसाच्या हातात कधी द्यायची नाही. आमच्याकडेही मुख्य किल्लीचे तीन तुकडे असतात, तीन वेगळ्या माणसांकडे, मोहरबंद पाकिटात. तिघं बंद खोलीत येतात, आपापला तुकडा टाकतात, पूर्ण किल्ली कुणीच पाहत नाही. त्याला 'की सेरेमनी' म्हणतात आणि तो समारंभ बारशाइतकाच कंटाळवाणा असतो. गणितज्ञाला विचाराल तर तो सांगेल की गणित पक्कं आहे. ही सगळी कसरत गणितासाठी नसतेच, कुणाच्या तरी डोक्यावर कर्ज झालं तर काय, यासाठी असते. जर्मनीच्या सायफर कार्यालयातल्या हान्स-थिलो श्मिट याने १९३१ मध्ये एनिग्मा या जर्मन सायफर यंत्राची पुस्तिका फ्रेंचांना विकली ती पैशांच्या ओढाताणीतूनच. फ्रेंचांनी ती पोलंडला दिली, आणि रेयेव्हस्की या तरुण गणितज्ञाने १९३२ संपता संपता यंत्राच्या आतली तारांची जुळणी कागदावर मांडली.

"आणि यंत्र देणाराच फितूर असला तर?" सोहमचा प्रश्न.

तेही झालंय. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी शंभरावर देशांना सायफर यंत्रं विकायची. देश तटस्थ, घड्याळं चोख, मग यंत्रंही चोखच असणार! १९७० पासून ती गुपचूप अमेरिकेच्या सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याच्या मालकीची होती. काही गिऱ्हाइकांची यंत्रं मुद्दाम कच्ची बनवलेली. फेब्रुवारी २०२० मध्ये हे सगळं बाहेर आलं, आणि गिऱ्हाइकांच्या यादीत भारत होता, पाकिस्तानही होता. हे सांगताना मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली, डबा बंद केला.

"मामा, तुमच्याकडं कुठली यंत्रं होती?"

"पाऊस उघडलाय. साताऱ्याला जाऊन येऊ."

गेलो. अजिंक्यताऱ्यावर गाडी वरपर्यंत जाते, पण धुक्यात शहर दिसलंच नाही. खाली राजवाड्यापाशी भेळ खाल्ली, मोती चौकात कंदी पेढे घेतले. (दोन-तीन दुकानांत चव घेऊन मगच घ्या. आणि चार-पाच दिवसांत संपवा.) राजवाड्यासमोर मामांनीच प्रतापसिंह महाराजांचा विषय काढला. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं, कारण काय तर गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान वगैरे. पुरावा म्हणून महाराजांच्या नावाचे कागद. ते बनावट आहेत असं सांगायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८४० ते ५३ तिथे झगडत राहिले. कुणी ऐकलं नाही. १८४८ ला तर राज्यच खालसा झालं.

इथे मला गुप्ततेपेक्षा वेगळी गोष्ट टोचते. पत्र लपवणं हा अर्धा प्रश्न, ते पत्र त्याच माणसाचं आहे हे ठरवणं हा दुसरा अर्धा. शिक्का चोरता येतो, त्याची नक्कल करता येते. आज आपण ज्याला डिजिटल सही म्हणतो तिच्या मुळाशी दोन किल्ल्यांचं गणित आहे, एक जगजाहीर आणि एक खासगी. हे गणित जगाला अमेरिकेतल्या प्राध्यापकांकडून १९७६-७७ ला कळलं. पण ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या खात्यात जेम्स एलिसला ती कल्पना १९७० लाच सुचली होती आणि क्लिफर्ड कॉक्सने १९७३ मध्ये गणित बसवलं होतं. सरकारने ते १९९७ पर्यंत कपाटात ठेवलं. जाहीर झालं त्याच्या काही आठवडे आधी एलिस वारला. सरकारी कपाटात गोष्टी सुरक्षित राहतात, त्यातल्या काही तिथेच कुजतात.

तिसरा दिवस: शेणोली, कुंडल, सांगली

कराड ओलांडल्यावर ऊन पडलं. दोन्ही बाजूंना ऊस. शेणोलीजवळ नकाशाने आम्हाला उसाच्या सरीत नेऊन सोडलं आणि "तुम्ही पोहोचला आहात" म्हणाला. ट्रॅक्टरवाल्याने हसत हसत मागे काढलं. (या भागात फोनच्या नकाशापेक्षा टपरीवर विचारा. टपरीवाला चुकीचं सांगेल, पण सोबत चहा मिळेल.)

शेणोलीत रेल्वेमार्गाच्या कडेला स्मारक आहे. ७ जून १९४३ ला तुफान सेनेच्या लोकांनी इथे पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार म्हणजे सातारा-सांगलीच्या मातीतलं भूमिगत राज्य. स्वतःची न्यायपंचायत, स्वतःचं दल (तीच तुफान सेना), आणि कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. सोहमने विचारलं, त्यांच्याकडे कुठलं सायफर होतं? माझ्या मते त्यांचं सायफर म्हणजे पायी धावणारे निरोपे आणि भाकरी देऊन गप्प बसणारी घरं. कुठल्या गाडीत पगार आहे ही खबर आत माणूस असल्याशिवाय कळत नाही. आणि आपल्या माणसांतला एक पकडला गेला तर दुसऱ्याचा ठावठिकाणा फुटू नये, हे जगातल्या कुठल्याही भूमिगत चळवळीचं पहिलं बंधन. कौटिल्याने दोन हजार वर्षांपूर्वी हेच सांगितलंय: हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांची खबर जुळली तरच विश्वास ठेवायचा.

कुंडलमध्ये एका देवळाच्या ओसरीवर म्हातारे बसले होते. एक नव्वदीकडे झुकलेले आजोबा म्हणाले, त्यांच्या आईकडे रात्री कुणीतरी जेवायला यायचं, सकाळी ताट घासलेलं असायचं. "कोण यायचं?" सोहमने विचारलं. "आईनं सांगितलं न्हाई. आमी इचारलं न्हाई." मामांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी कुणाला असा नमस्कार केलेला मी अनेक वर्षांत पाहिला नव्हता.

सांगलीत संध्याकाळी. गणपतीचं दर्शन, मग भडंग. इथला भडंग म्हणजे पुण्यात पाकिटात मिळतो तो नव्हे. लसूण, शेंगदाणे, कढीलिंब, आणि वरून कांदा-लिंबू पिळून लगेच खायचा. बाजारात हळदीचा वास कपड्यांत बसतो तो घरी येईपर्यंत निघत नाही. जेलच्या बाजूने जाताना मामांनी सोहमला वसंतदादांची गोष्ट सांगितली: २४ जुलै १९४३, साथीदारांसह तुरुंग फोडून तटावरून खंदकात उड्या.

भडंगाच्या दुसऱ्या प्लेटला सोहम म्हणाला, "म्हणजे सरकारला आपलं कुलूप पक्कं हवं असतं."

आपलं पक्कं हवं असतं आणि शेजाऱ्याचं कच्चं. एकाच कार्यालयात, एकाच मजल्यावर. डीईएसची गोष्ट ऐक, म्हटलं. सत्तरच्या दशकात आयबीएमने सायफर बनवलं, अमेरिकेने ते सरकारी मानक म्हणून १९७७ ला जाहीर केलं. त्याआधी एनएसए या गुप्त खात्याने त्यात हात घातला. आतले काही तक्ते बदलले गेले, कारण सांगितलं नाही. किल्ली आखडून ५६ बिटांची, म्हणजे ५६ शून्य-एकांची केली. लोक म्हणाले, तक्त्यांत चोरदरवाजा ठेवलाय. १९९० च्या सुमारास बिहाम आणि शामीर यांनी सायफर फोडायची एक नवी रीत शोधली, तर काय, ते संशयित तक्ते नेमके त्याच रीतीविरुद्ध घट्ट केलेले! आयबीएमवाल्यांना ती रीत १९७४ पासून माहीत होती आणि सरकारच्या सांगण्यावरून ते वीस वर्षं गप्प बसले होते. म्हणजे चोरदरवाजा नव्हता, उलट भिंत जाड केली होती. आणि आखूड किल्ली? १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरच्या आत बनवलेल्या यंत्राने ती ५६ तासांत शोधून दाखवली. भिंत जाड करणारे आणि कडी बारीक ठेवणारे हात एकाच घरचे.

"भारतात?" भारतात इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात अनेक वर्षं अट होती, परवानगीशिवाय ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली नको. ४० बिट म्हणजे सायकलचं कुलूप. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने एनक्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याच्या धोरणाचा मसुदा काढला, त्यात सामान्य माणसाने पाठवलेल्या संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवायची होती. गदारोळ झाला, दोन-तीन दिवसांत मसुदा मागे. नव्वद दिवस जुने संदेश! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग जपून ठेवायचे म्हटलं तर वेगळं गोदाम लागलं असतं.

मामा एवढंच म्हणाले, "ज्याची राखण करायची त्यालाच चोर समजायचं म्हंजी अवघड काम हाय." कुठल्या बाजूने बोलले ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथा दिवस: विटा, बाणूरगड

विट्याकडे निघालो तसा मुलूख बदलला. परवा वाईत भिजलो होतो, इथे आभाळ कोरडं ठाक, वारा तेवढा भणाणता. पठारांवर पवनचक्क्या. विट्यात चहाला थांबलो तिथे शेजारच्या बाकावरचा माणूस फोनवर घडाघडा तमिळ बोलत होता आणि फोन ठेवून आमच्याशी अस्सल माणदेशी. गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडीकडची ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. हा वीस वर्षं मदुराईत, गावच्या जत्रेला आलेला. म्हणाला, "तिकडं गिऱ्हाईक समोर असलं की बायकूशी मराठीत बोलतो, हितं पोरांसमोर तमिळमधनं." मग हसून, "आता पोरास्नी दोन्ही येत्यात. घरात कायबी लपत न्हाई."

बाणूरगड, म्हणजे भूपाळगड, खानापूर तालुक्यात. रस्ता वरपर्यंत जातो, शेवटचा टप्पा खडबडीत. गडावर वस्ती आहे. मंदिर आहे, आणि बहिर्जी नाईकांची समाधी. साधीच. सोहमला काहीतरी भव्य अपेक्षित होतं. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचा प्रमुख, आणि त्यांच्याबद्दल खात्रीने काय माहीत आहे? सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगात नाव येतं. बाकी वेषांतराच्या कथा, मृत्यूबद्दलच्या आख्यायिका. १६७९ मध्ये दिलेरखानाने हा गड घेतला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता, हे कागदोपत्री सापडतं. हेराचं काहीच सापडत नाही. नोकरी चोख केली असणार. (पाणी, खाणं खालूनच घ्या. सावली नाही, रेंज जाते-येते. ऊन उतरल्यावर जा, वारा सुखाचा असतो.)

समाधीजवळच्या कट्ट्यावर मामांनी खिशातून एसटीची जुनी तिकिटं काढली, मूठभर. ती ते साठवतात, कशाला ते आम्हाला कधी कळलं नव्हतं. सोहमला म्हणाले, टोपीत टाक, हलव, एकेक काढ, शेवटचे दोन आकडे लिही, परत टाक. दोन कागदांवर, सारखेच. वीस ओळी झाल्या. मी ओळखलं: एकदाच वापरायची किल्ली. प्रत्येक अक्षराला वेगळा आकडा, ओळ वापरली की जाळायची. नीट पाळलं तर कुठलाही संगणक हे फोडू शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. पाळलं नाही तर? युद्धाच्या घाईत सोव्हिएत छापखान्याने अशा वह्यांची काही पानं दोनदा छापली. अमेरिकेतले लोक १९४३ पासून त्या संदेशांमागे लागले, आणि एकदा वापरायची ती पानं दोनदा वापरल्यामुळे हेरांची नावं बाहेर पडली. या कामाला व्हेनोना म्हणतात. आणि गंमत म्हणजे वाचन चालू आहे ही बातमी मॉस्कोला पोहोचली तीही फितुराकडूनच.

मी कागदात डोकावले तर मामांनी घडी घातली. "तुझं काय काम?"

"मामा, माझा व्यवसाय आहे हा!"

"म्हणूनच."

मग त्यांनी चुकलेला पहिला कागद काडी लावून पेटवला. जळून काळा पत्रा झाला तरी अक्षरं त्यावर चमकत होती, स्पष्ट वाचता येत होती. सोहमला दाखवली. मग बोटांनी ती राख चुरली, मातीत कालवली, हात झटकले. "काय लिवलेलं असायचं ते इचारू नगंस. जाळायचं कसं तेवढं सांगतो. निस्ती जाळून भागत न्हाई, राख चुरायची." अठ्ठावीस वर्षांतलं ऐकायला मिळालेलं पहिलं वाक्य. सिग्नल्सचं ब्रीद 'तीव्र चौकस'. ते मला पाठ होतं, त्याचा अर्थ एवढा काळ्या बोटांचा असेल असं वाटलं नव्हतं.

परत येताना मामा मागच्या सीटवर झोपले. बोटं तशीच काळी.

घरी

चौथ्या दिवशी माझ्या फोनवर मामांचा मेसेज आला. नुसते आकडे, सात जोड्या. सोहम शाळेतून आला, कागद शोधायला लागला. पँट सोमवारीच धुवायला गेली होती. खिशातून निघाला तो लगदा.

मी आकडे पाहिले. सुटण्यासारखं नव्हतंच. सगळ्या तारखा, सगळे वर्ग लावून झाले. शेवटी त्याने फोन लावला, स्पीकरवर.

"आजोबा, माझा कागद भिजला. तुमच्या कागदावरची पहिली ओळ सांगा ना."

तिकडे मामी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

"फोनवर?" मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.